कॅमेरा हाताला लागत नाही : पीएस५वर उजव्या स्टिकची सेन्सिटिव्हिटी नेमकी कशी बसवायची?

कुळागर (फोंडा)

नमस्कार मंडळी,

आमच्या घरात कन्सोल (प्लेस्टेशन ५, म्हणजे पीएस५) म्हणजे फुटबॉल. चवथीला सगळी भावंडं जुन्या घरी जमली की आरती-जेवण उरकून टीव्हीसमोर बसायचं आणि रात्रभर एकमेकांवर गोल करायचे, एवढाच आमचा अनुभव. त्या खेळात कॅमेरा मैदानाच्या बाजूला उंचावर असतो आणि बॉलमागे आपसूक सरकतो. उजवी स्टिक, म्हणजे कंट्रोलरवरची अंगठ्याने ढकलायची दांडी, बॉलच्या करामतींपुरती. कॅमेरा आपण स्वतः फिरवायचा असतो, ही सवय माझ्या अंगठ्याला कधी लागलीच नाही.

यंदा पावसात संध्याकाळी बाहेर पडणं होत नाही म्हणून एल्डन रिंग सुरू केला. ते जग बघून हरखून गेले आहे आणि हा गेम मला मनापासून, निवांत खेळायचा आहे. पण कॅमेरा काही हाताला लागत नाही. ‘कॅमेरा स्पीड’, म्हणजे या गेममधला सेन्सिटिव्हिटीचा आकडा, मुळात ५वर असतो. तसाच ठेवला तर मागून कुणी आलं की वळेपर्यंत घाव बसलेला असतो. ८ केला तर पटकन वळता येतं, पण लांबच्या बुरुजाकडे नीट बघायला जावं तर नजर त्याच्या पुढे निघून जाते, मागे आणावी तर अलीकडे येते. आणखी एक म्हणजे स्टिक हळू ढकलली तर आधी काहीच होत नाही आणि मग एकदम झटका बसतो. तासाभराने डोकं जड होतं, कधी मळमळतं.

भाचा वॉरझोन हा नेमबाजीचा गेम खेळतो. तो म्हणतो, ‘मावशी, सरळ १० कर, सवय होते.’ मला कुणाचा आकडा उसना नको आहे. कुठल्या क्रमाने काय तपासायचं ते समजून घ्यायचं आहे. कंट्रोलर कन्सोलबरोबर आलेलाच, बराच वापरलेला. टीव्ही हॉलमधला, ४३ इंची. गेममध्ये क्वालिटी मोड (हालचालीच्या गुळगुळीतपणापेक्षा चित्राला प्राधान्य देणारा) चालू आहे.

रोमटामेळ (डिचोली)

ताई, ६ किंवा ७ ठेवा आणि आठवडाभर हात लावू नका. रोज बदलत राहिलात तर अंगठा काहीच शिकणार नाही. मी एपेक्स हा नेमबाजीचा गेम खेळतो, तिथे सगळे हेच सांगतात.

मांडवीकाठ (पणजी)

रोमटामेळचं ‘रोज बदलू नका’ हे खरं आहे, पण ते शेवटी. त्याआधी बरंच काही तपासायचं असतं. कुळागरताईंनी क्रम विचारला, याचा मला फार आनंद झाला. बहुतेक जण आकडाच विचारतात.

सुरुवात इथून करू या : माउस आणि स्टिक एकाच कामाच्या वस्तू वाटतात, पण त्यांची कामं वेगळी आहेत. माउस जितका सरकवाल तितकी नजर वळते, हात थांबला की नजर थांबते. स्टिक अंतर ठरवत नाही, वेग ठरवते. स्टिक अर्धी ढकलून धरली तर कॅमेरा एका ठरावीक गतीने फिरत राहतो, सोडेपर्यंत. म्हणजे नजर कुठे थांबेल हे तुम्ही किती ढकललंत आणि किती वेळ धरलंत, या दोन्हींवर ठरतं. म्हणून स्टिकने नेम धरणं मुळातच अवघड आहे, त्यात तुमच्या अंगठ्याचा दोष नाही.

आता सेन्सिटिव्हिटीचा आकडा नेमकं काय करतो? तो मुख्यतः स्टिक पूर्ण ढकलल्यावरचा सर्वाधिक वेग ठरवतो. समजा तो वेग सेकंदाला २४० अंश आहे. म्हणजे पूर्ण गिरकीला दीड सेकंद. पण स्टिक अर्धीच ढकलली तर किती? ते रिस्पॉन्स कर्व्ह ठरवतो. सरळ रेषेचा, म्हणजे लिनियर कर्व्ह असेल तर अर्ध्या ढकलीला १२० अंश. वर्गाच्या हिशेबाने चढणारा असेल तर अर्ध्या ढकलीला फक्त ६०. वरचा वेग दोन्हींत तोच, पण मधला भाग दुसऱ्यात दुप्पट शांत. लांबचा बुरुज बघताना तुम्ही याच मधल्या भागात असता. वळणं जलद हवं आणि नेम बारीक हवा, या दोन मागण्या एकट्या आकड्याने पुऱ्या होत नाहीत, हे त्यामागचं कारण.

एल्डन रिंगमध्ये कर्व्ह बदलायची सोय नाही, आडव्या-उभ्या दिशेला वेगळा वेगही नाही. ० ते १० एवढा एकच आकडा. म्हणून तिथे बाकीच्या गोष्टी आधी सरळ करणं जास्त महत्त्वाचं.

दुसरं, तुमचं ‘आधी काहीच नाही आणि मग झटका’. हे वाचल्यावर मला डेड झोनची शंका आली. स्टिकच्या मध्याभोवती एक लहानसा भाग गेम मुद्दाम दुर्लक्षित करतो, कारण बोट काढल्यावर स्टिक दर वेळी अगदी मध्यावर येऊन थांबत नाही. तो भाग १० टक्के असेल आणि गेमने पुढची मोजणी शून्यापासून सुरू केली तर कडेवर हालचाल गुळगुळीत सुरू होते. तशी मोजणी नसेल तर ९ टक्क्यांपर्यंत काही नाही आणि पुढे एकदम १० टक्क्यांचा वेग. पण झटक्याची दुसरीही कारणं असतात : टीव्हीचा उशीर, कमी-जास्त होणारे फ्रेम (सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं), झिजलेली स्टिक. तीन गोष्टी सांगा :

टीव्हीवर गेम मोड (चित्र दाखवण्यातला उशीर कमी करणारं सेटिंग) आहे का आणि तो चालू आहे का? क्वालिटी मोडऐवजी फ्रेम रेटला प्राधान्य दिल्यावर फरक वाटतो का? आणि अंगठा काढून ठेवल्यावर कॅमेरा आपोआप हळूहळू सरकतो का?

कुळागर

किती नीट सांगितलंत! कर्व्हचं गणित वहीत मांडून पाहिलं, आता पटलं.

टीव्हीवर पिक्चर मोड ‘स्टँडर्ड’ होता. गेम मोड आहे, आता लावते. अंगठा काढल्यावर कॅमेरा सरकत नाही. पण उजवीकडे वळणं डावीकडच्यापेक्षा संथ आहे असं मला नेहमी वाटतं. मनाचे खेळ असतील म्हणून लिहिलं नव्हतं.

म्हापसा_सोल्डरिंग (म्हापसा)

मनाचे खेळ नसणार. मी कंट्रोलर दुरुस्त करतो. ही तक्रार रोजची आहे, पण लोक ती अशा शब्दांत सांगत नाहीत, म्हणून लक्षात येत नाही.

बहुतेक कंट्रोलरच्या स्टिकखाली दोन पोटेन्शियोमीटर असतात, एक आडव्या दिशेचा, एक उभ्या. आत कार्बनचा पट्टा असतो आणि त्यावर धातूची पाती घासत फिरते. पाती कुठे आहे त्यावरून व्होल्टेज बदलतं आणि कंट्रोलरला दिशा कळते. घासून घासून पट्टा झिजतो. मध्यावर झिजला की ड्रिफ्ट, म्हणजे हात न लावता कॅमेरा सरकतो. हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण झीज आणि स्प्रिंगची ढिलाई यांमुळे कडेचं वाचनही बिघडतं. स्टिक उजवीकडे पूर्ण टेकलेली असते आणि कंट्रोलर गेमला कमी आकडा सांगतो. मग तिकडचा पूर्ण वेग कधी मिळतच नाही. माणूस सेन्सिटिव्हिटी वाढवतो, त्याबरोबर मधला भागही भडकतो, आणि बारीक हालचाल हातातून जाते. ताईंचं ५ कमी आणि ८ जास्त, हे ऐकताच मला हे आठवलं.

तपासायला सोपं आहे. कंट्रोलर यूएसबी केबलने कॉम्प्युटरला जोडा आणि गेमपॅड तपासणारं कुठलंही वेबपेज उघडा. अंगठा काढल्यावर आकडा शून्याजवळ स्थिर राहायला हवा. मग स्टिक कडेला टेकवून हळूहळू गोल फिरवा. चारही बाजूंना आकडा १पर्यंत पोचायला हवा. एखाद्या बाजूला कमी राहिला किंवा मधूनच उडी मारली तर दोष हार्डवेअरचा, सेटिंगने जाणार नाही.

पावसाळ्याबद्दलही लिहितो, कारण प्रत्येक जण ‘आपल्या दमट हवेने गेला’ असंच म्हणत येतो. हवेचा आणि घामाचा हात असतो. धूळ ओलसर होऊन पट्ट्यावर बसते, किनाऱ्याजवळच्या घरांत खारा वारा जोडणीच्या धातूला खातो. पण मुख्य कारण घासणंच. स्टिक रोज जोरात कडेला आपटणाऱ्याची लवकर जाते, मग तो कळंगुटला राहो की वाळपईला. वापर झाल्यावर कोरड्या कापडाने पुसून कपाटात ठेवा, त्यात एखादी सिलिका जेलची पुडी टाका. गंज काढायचे तेलकट स्प्रे स्टिकमध्ये मारू नका. ते आत राहतात आणि धूळ धरून ठेवतात.

चोर्ला_घाट (साखळी)

मळमळीबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. हा भाग मला जवळचा आहे. कॅमेऱ्याच्या त्रासामुळे मी गेम खेळणंच सोडायच्या बेतात होतो.

बेळगावला जाताना चोर्ला घाटात मोबाइल वाचत बसलं की पोटात ढवळतं. तिथे कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की शरीर वळतंय, आणि डोळे सांगतात की समोरचं पान स्थिर आहे. गेममध्ये उलटं होतं. डोळे सांगतात सगळं जग फिरतंय, आणि कान सांगतात की आपण सोफ्यावर बसलोय. मेंदूला हा विसंवाद सोसत नाही. म्हणून कॅमेऱ्याचा नुसता वेग नाही, आपल्या इच्छेशिवाय झालेली हालचाल जास्त त्रास देते. बुरुजाच्या पुढे जाऊन परत मागे येणं, झटका, उशीर, हे सगळं त्यातच येतं. ताई, तुमचा कॅमेरा ताब्यात आला की अर्धी मळमळ तशीच जाईल असं मला वाटतं.

बाकी मला उपयोगी पडलेलं : खोलीत दिवा चालू ठेवायचा, अंधारात खेळायचं नाही. टीव्हीच्या फार जवळ बसायचं नाही, पडद्याच्या बाजूची भिंत आणि कपाट डोळ्यांच्या कडेला दिसत राहिलं पाहिजे. मोशन ब्लर (हालताना चित्र पुसट होणं) आणि कॅमेरा शेक (कॅमेऱ्याची थरथर) बंद करायची सोय असेल तिथे बंद. पडद्याच्या मध्यावर कायमचा ठिपका ठेवता येत असेल तर तो लावायचा, नजरेला धरायला काही तरी मिळतं. २०२०च्या द लास्ट ऑफ अस पार्ट टूमध्ये ६०पेक्षा जास्त सुलभतेच्या सेटिंग होत्या, त्यांत मोशन सिकनेससाठी वेगळा भाग होता. तेव्हापासून मोठ्या गेममध्ये हे जास्त दिसायला लागलं.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, मळमळ सुरू होताच थांबायचं. ‘सवय होईल’ म्हणत रेटायचं नाही. रेटल्याने माझं तरी वाढतच गेलं. पंख्याखाली बसून पाणी प्यायचं आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी.

रोमटामेळ

चोर्ला दादा, शूटरमध्ये एफओव्ही, म्हणजे पडद्यावर एका वेळी दिसणाऱ्या दृश्याची रुंदी, वाढवल्यावर मला बरं वाटतं. त्याचाही संबंध आहे ना?

चोर्ला_घाट

आहे. टीव्हीने आपल्या डोळ्यासमोरची जितकी जागा व्यापली आहे, त्यापेक्षा फारच अरुंद दृश्य गेम दाखवत असेल तर अनेकांना त्रास होतो. एफओव्ही वाढवला की तेच वळण पडद्यावर संथ वाटतं. पण फार वाढवला तर कडेचं चित्र ताणलेलं दिसतं आणि काही जणांना त्याचाच त्रास होतो. प्रत्येकाने स्वतः बघायचं.

मांडवीकाठ

आणि लक्षात ठेवा, एफओव्ही बदलल्यावर लगेच सेन्सिटिव्हिटीला हात लावायचा नाही. वेग तोच असतो, फक्त डोळ्यांना कमी वाटतो. कॉल ऑफ ड्यूटीमध्ये एफओव्ही १२०पर्यंत जातो. ६०वरून तिथे जाणाऱ्याला वाटतं कॅमेरा मंदावला, आणि तो आकडा वाढवत बसतो.

आता फ्रेमचा हिशेब, कारण क्वालिटी मोडचा प्रश्न सुटा राहिला आहे. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर एक फ्रेम ३३.३ मिलिसेकंद टिकते, ६०ला १६.७. कॅमेरा सेकंदाला २४० अंशांनी फिरत असेल तर ३०ला दर फ्रेममध्ये ८ अंशांची उडी, ६०ला ४ अंशांची. मोठ्या उड्यांमध्ये डोळ्यांना मधलं काही दिसत नाही, मग कुठे थांबायचं ते अंगठ्याला उशिरा कळतं आणि नजर पुढे जाते. एल्डन रिंगच्या क्वालिटी मोडमध्ये तर फ्रेम जागेगणिक कमी-जास्त होतात, म्हणजे एकाच सेन्सिटिव्हिटीला हात इथे वेगळा लागतो आणि तिथे वेगळा. फ्रेम रेट मोड लावा. पीएस५वर या गेमची पीएस४ची आवृत्ती टाकली तर फ्रेम अजून स्थिर राहतात. चित्र थोडं साधं होतं, पण कॅमेऱ्याचा त्रास असलेल्याला मी तेच सुचवेन.

टीव्हीवर मोशन स्मूदिंगसारखं जे काही असेल ते बंद करा. दोन फ्रेममध्ये टीव्ही स्वतः बनवलेली फ्रेम घालतो, त्यासाठी त्याला पुढची फ्रेम येईपर्यंत थांबावं लागतं, आणि तो उशीर तुमच्या अंगठ्याच्या वाट्याला येतो. गेम मोडमध्ये ही प्रक्रिया बहुतेक वेळा आपोआप बंद होते, तरी मेनूत जाऊन खात्री करा.

देवचार (पेडणे)

सगळे सेटिंगवर बोलतायत, कुणी अंगठ्यावर बोला!

या गेममध्ये धावायला गोल बटण धरून ठेवावं लागतं. ते बटण उजव्या अंगठ्याचं आणि कॅमेराही उजव्या अंगठ्याचा. म्हणजे धावताना कॅमेरा सुटतो. मग थांबून घाईघाईने कॅमेरा फिरवायचा, आणि घाईत स्टिक कडेपर्यंत जाते. ताईंना ५ कमी वाटण्याचं अर्धं कारण हेच असणार, कारण त्यांना सगळं वळण थोड्या क्षणांत उरकायचं असतं.

दोन उपाय. एक, गोल बटणावर तर्जनी वाकडी करून ठेवायची आणि अंगठा स्टिकवरच. सुरुवातीला हात अवघडतो, मनगट दुखलं तर करू नका. दुसरा, धावण्याचं काम दुसऱ्या बटणावर न्यायचं. गेमच्या मेनूत बटणं बदलता येतात, आणि पीएस५च्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीखाली कंट्रोलरच्या भागातही बटणांची अदलाबदल करता येते. मी दुसरा उपाय करतो आणि त्यावर खूश आहे.

आणखी एक, आर३, म्हणजे उजवी स्टिकच आत दाबणं. शत्रू समोर असेल तर लॉक-ऑन (कॅमेरा त्याच्यावरच खिळून राहतो), कुणी नसेल तर कॅमेरा थेट आपल्या पाठीमागे येऊन सरळ होतो. मागे वळायला स्टिक धरून ठेवण्याऐवजी डाव्या स्टिकने मागे वळा आणि आर३ दाबा. हे अंगवळणी पडलं की कमी वेगावरही उशीर होत नाही. पण लॉक-ऑनवर विसंबून राहू नका. खूप शत्रू असताना किंवा मोठ्या ड्रॅगनपुढे लॉक सोडून हाताने कॅमेरा सांभाळणं जास्त बरं. लॉक त्याच्या डोक्याला लागतो आणि पाय दिसत नाहीत.

जुना_खेळाडू (मडगाव)

कुळागरताई, अंगठ्याला सवय नाही म्हणून खंत वाटून घेऊ नका. सगळ्या जगालाच ती शिकावी लागली. १९९७मध्ये निन्टेन्डो ६४वर गोल्डनआय हा नेमबाजीचा गेम आला तेव्हा त्या कंट्रोलरला एकच स्टिक होती. २०००मध्ये प्लेस्टेशनवरच्या एलियन रेझरेक्शनने डाव्या स्टिकने चालणं आणि उजव्या स्टिकने बघणं अशी मांडणी दिली, तेव्हा ती समीक्षकांनाही अवघड वाटली होती. २००१मध्ये हेलो हा गेम आला आणि मग ती घरोघरी रुळली. म्हणजे तुम्हाला आज जे जड जातंय ते तेव्हा व्यवसायाने गेम खेळणाऱ्यांनाही जड गेलं होतं.

मी उभी दिशा उलटी करून खेळतो, स्टिक खाली ओढली की नजर वर. माझ्यासारख्या जुन्या मंडळींत हे खूप दिसतं. ताईंना वर-खाली बघताना नेहमी उलटं जात असेल तर एकदा करून बघावं. कुणी हसलं तर हसू दे. हाताला जे पटतं तेच बरोबर.

रोमटामेळ

मला एक विचारायचं आहे. एपेक्समध्ये मी कर्व्ह ‘क्लासिक’वरून ‘लिनियर’ केला आणि डेड झोन ‘नन’ केला, कारण मोठे खेळाडू तसं करतात. आता बारीक नेम थरथरतो.

मांडवीकाठ

लिनियर वाईट नाही, पण तो अंगठ्याची प्रत्येक थरथर जशीच्या तशी दाखवतो. क्लासिक मध्याजवळ शांत ठेवतो. त्यात डेड झोन काढून टाकलास म्हणजे स्टिकचा स्वतःचा कंपही आत आला. आधी डेड झोन ‘स्मॉल’ कर. तेवढ्याने भागलं नाही तर क्लासिकवर परत जा आणि आकडा एकाने वाढव. म्हणजे मधल्या भागातलं वळणं फार मंदावणार नाही.

एपेक्सच्या ॲडव्हान्स्ड लुक कंट्रोल्समध्ये यॉ (आडव्या दिशेचा वेग) आणि पिच (उभ्या दिशेचा) वेगळे देता येतात. आपण डावीकडे-उजवीकडे जितकं वळतो तितकं वर-खाली वळत नाही, म्हणून उभी दिशा थोडी संथ ठेवली की नेम शांत होतो. ‘टर्निंग एक्स्ट्रा यॉ’ म्हणजे स्टिक कडेला टेकल्यावर मिळणारा जादा वेग. तो किती उशिराने सुरू व्हायचा तेही ठरवता येतं. या एका सोयीने मूळ वेग कमी ठेवून जलद गिरकी मिळते. माझ्या मते सगळ्याच गेममध्ये ती असायला हवी.

म्हापसा_सोल्डरिंग

रोमटामेळ, स्टिकवर बसवायची उंच टोपी मिळते, ती लावून बघ. दांडी उंच झाली की तेवढ्याच कोनासाठी अंगठ्याला जास्त अंतर जावं लागतं, म्हणून बारीक हालचाल सोपी होते. नेमाच्या गेमला उत्तम. ताईंच्या गेमला गरज नाही.

कुळागर

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, वाडीत वीज नव्हती.

आधी टीव्ही. गेम मोड लावला, मोशनचं जे होतं ते बंद केलं. फरक इतका स्पष्ट आहे की भाच्यालाही न सांगता जाणवला. मग फ्रेम रेट मोड. झटका बराच कमी झाला, पण गेला नाही.

मग म्हापसा दादांनी सांगितलं तसं कंट्रोलर लॅपटॉपला लावला. डावीकडे, वर, खाली आकडा १पर्यंत जातो. उजवीकडे ०.८च्या आसपास अडकतो, आणि मध्यापासून निघताना एक छोटी उडी घेतो. म्हणजे उजवीकडे संथ वाटत होतं ते खरंच होतं! कंट्रोलर दुरुस्तीला दिला आहे. दुकानदार म्हणाला, स्टिकचा तसाच मॉड्यूल (आतला सुटा भाग) बसवू की हॉल इफेक्टवाला? काय सांगू?

म्हापसा_सोल्डरिंग

हॉल इफेक्टमध्ये चुंबक आणि सेन्सर असतात, एकमेकांना टेकत नाहीत, त्यामुळे घासून झिजणारा पट्टाच नाही. हे काही आजचं नाही, १९९८च्या ड्रीमकास्ट या कन्सोलच्या कंट्रोलरमध्येही चुंबकाची स्टिक होती. टिकाऊपणाला चांगला. पण दोन अटी. मॉड्यूल बोर्डाला सोल्डर केलेलं असतं, तेव्हा काम करणाऱ्याचा हात स्वच्छ हवा. आणि बसवल्यावर कॅलिब्रेशन केलंच पाहिजे, नाहीतर मध्य आणि कडा पुन्हा चुकतील. दुकानात त्याच्यासमोरच कॉम्प्युटरला लावून चारही बाजूंचा आकडा बघा आणि मगच पैसे द्या. कॅलिब्रेशन करून देत नसेल तर साधा मॉड्यूल बसवा.

अजून गॅरंटी शिल्लक असेल तर मात्र आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे जा. एकदा बाहेर उघडला की ती संपते.

मांडवीकाठ

कंट्रोलर परत आला की आकडा असा बसवा. गेममध्ये मोकळ्या जागी उभ्या राहा, समोरचं एखादं झाड खूण म्हणून धरा. स्टिक एका बाजूला पूर्ण टेकवून झाड पुन्हा समोर येईपर्यंतचा वेळ मोबाइलवर मोजा. जग बघत फिरायच्या अशा गेमला पूर्ण गिरकी दोन सेकंदांच्या आसपास असली की मला सोयीची वाटते. दुसऱ्या बाजूलाही मोजा, वेळ सारखाच यायला हवा. मग शांतपणे दूरच्या तीन-चार वस्तूंवर नजर नेऊन थांबवा. सतत पुढे जात असेल तर एक आकडा कमी, सतत अलीकडे राहत असेल तर एक जास्त. एका वेळी एकच. आणि मग रोमटामेळने पहिल्याच प्रतिसादात सांगितलं ते करा, आठवडाभर हात लावू नका.

कुळागर

आला कंट्रोलर! हॉल इफेक्टच बसवला, दुकानातच चारही बाजू बघितल्या, सगळीकडे १.

गिरकी मोजली आणि शेवटी ६वर स्थिरावले. तेच ६ जे रोमटामेळने सुरुवातीला सांगितलं होतं, पण आता ते का, हे मला ठाऊक आहे. बुरुजावर नजर जाऊन थांबते. धावणं दुसऱ्या बटणावर नेलं, त्याची सवय अजून होतेय. मळमळ दिवा लावून आणि मागे सरकून बसल्यापासून जवळजवळ नाही. आर३ची युक्ती तर सोन्याची आहे, देवचार.

देव बरें करूं सगळ्यांचं. एक शेवटचं विचारते. भाचा शनिवारी येतो आणि सगळं १०वर करून जातो. दर वेळी परत लावायचं का?

देवचार

त्याला पीएस५वर वेगळा युजर करून द्या. प्रत्येक युजरचा सेव्ह वेगळा, त्यामुळे या गेममधली त्याची सेटिंग तुमच्या खेळात येणार नाहीत. फक्त खेळायला बसताना आपापला युजर निवडा.

जुना_खेळाडू

आणि पीएस५च्या सेटिंगमध्ये ‘गेम प्रीसेट्स’ म्हणून एक भाग आहे, तोही युजरगणिक वेगळा असतो. तिथे कॅमेऱ्याची दिशा उलटी हवी की सरळ, क्वालिटी हवी की परफॉर्मन्स, हे एकदा सांगून ठेवता येतं. जे गेम ते मानतात ते पहिल्यांदा उघडताना तुमच्या पसंतीनेच सुरू होतात. वेगाचा आकडा मात्र त्यात नाही, तो दर गेममध्ये झाड बघूनच बसवावा लागेल.

रोमटामेळ

क्लासिक, स्मॉल, एक आकडा वर. थरथर गेली! मांडवीकाठ दादा, एडीएससाठी (बंदूक डोळ्याला लावून नेम धरताना) वेगळा आकडा ठेवू का?

मांडवीकाठ

ठेव, पण आधी हा आठवडा जाऊ दे. मग फक्त एडीएस एकाने कमी करून सराव मैदानात चालत्या लक्ष्यावर बघ. नेम लक्ष्याच्या मागे राहिला तर पुन्हा वाढव. निकाल इथेच लिही.